शुद्धिपत्र

एकतीस वर्षं जेल रोडच्या नोट प्रेसमध्ये
माझं काम एवढंच : चूक हुडकणं.
करकरीत नोटांचा ताव उजेडात धरायचा,
शाई फाकलीय का, आकडा सरकलाय का.
सापडली की खूण.
खूण केलेली नोट बाहेरचं जग बघत नसे.
सुटताना माझीही झडती. डबासुद्धा उघडून दाखवायचा,
आत पोळीचा तुकडा, लोणच्याचं तेल.

आता 'नासर्डी'ची प्रुफं बघतो. फुकट.
गोदावरीच्या नावाने पुष्कळ काही निघतं या गावात,
हेमलता गायधनी म्हणाल्या, आपण दुसरीचं घेऊ,
जिला लोक नाला म्हणतात.
वर्षाला चार अंक. वर्गणीदार एकसष्ट,
त्यातले अकरा वारले. अंक जातातच,
कुणी परत पाठवत नाही.

साहित्य पोस्टाने येतं, व्हॉट्सॲपवर येतं,
एकदा कळवण गाडीच्या कंडक्टरच्या हाती आलं.
देवळाली कॅम्पातल्या एक बाई कविता पाठवतात,
सगळ्या एकाच कुत्र्यावर, आणि चांगल्या.
अंबडचा एक टर्नर रात्रपाळीत कथा लिहितो,
जॉब कार्डांच्या पाठीवर, ग्रीसच्या बोटांनी.
नायक पान चारवर चाळिशीचा, पान नऊवर सव्वीसचा.
फोन केला तर म्हणाला, काका,
मधे त्याला नोकरी लागली ना.
मी तसंच ठेवलं.

तिथे ठेवलं. मग इथे का नाही?

पान एकेचाळीस. जागृती भामरे, सटाणा.
वहीचा कागद, समास पट्टीने आखलेला.
'मनी माय डाळिंबं निवडते शेडमध्ये,
फुटकं निघालं की आम्हाला'
मी सिन्नरचा. मला वाटलं मनी म्हणजे मनात,
जुन्या वळणाचं काहीतरी, पोरीला नीट जमलेलं नाही.
'मनातली माय' केलं.
वर स्वतःवर खूश झालो, चहा सांगितला.

चारशे प्रती छापल्या. सदतीस पोस्टात पडल्या.
मग फोन.
काका, मनी म्हणजे माझी. अहिराणीत.
माय मनातली नाहीये हो,
ही काय, समोर बसलीय.
मागून आवाज आला : कोन शे वं?
पोरगी म्हणाली, कोणी नाही, पुस्तकवाले.

गायधनीबाई हसून हसून खोकल्या :
जन्मभर मनीच छापलात
आणि मनी कळली नाही!
भद्रकालीत निसार कोकणींचा छापखाना,
ते म्हणाले, शुद्धिपत्र काढू, चिकटवू, अर्ध्या तासाचं काम.
बाई म्हणाल्या, पुढच्या अंकात दोन ओळी टाकू.
मी पेन मागितलं.

तीन संध्याकाळी रिमांच्या थप्पीवर बसलो.
तीनशे त्रेसष्ट वेळा 'मनातली' खोडलं,
वर निळ्या शाईने 'मनी'.
शंभरपर्यंत अक्षर शाळेतलं होतं.
दोनशेच्या पुढे वेलांटी लांबायला लागली,
कुठे म तिरका, कुठे शाईचा थेंब,
एक मनी दुसरीसारखी नाही.
नोटा असत्या
तर एकूण एक तावावर खूण करावी लागली असती.

शेवटच्या दिवशी निघताना
छापखान्याच्या दारात थांबलो,
हात आपोआप वर झाले, पिशवीतून डबा काढला.
निसारभाई बघत राहिले,
मग त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं,
म्हणाले, ठीक आहे, जा.

सदतीस प्रती तेवढ्या राहिल्या.
ओझर, मनमाड, घोटी, कुठे कुठे गेल्यात,
त्यात अकरा त्या वारलेल्यांच्या.
त्यांच्यात ती अजून मनातच बसलीय,
हातात फुटकं डाळिंब घेऊन.
तुमच्याकडे आली असेल तर
पान एकेचाळीस काढा.
कुठलंही पेन चालेल.